पाच नंबरची पोथी

गहिनीनाथ नानांनी हॉटेलच्या प्रत्येक खोलीत पोथी ठेवायचं ठरवलं, तेव्हा घरात त्यांना नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे माणसं होती. मुलगा नितीन होता, सून दीपा होती. पण नानांना नाही म्हणायचं खातं आयुष्यभर मालनबाईंनी सांभाळलं होतं, आणि पोथ्या ठेवायच्या होत्या त्या मालनबाईंच्याच स्मरणार्थ. त्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

हॉटेल भंडारदऱ्याच्या पाण्याच्या काठाला, मागे नानांचा बंगला. नितीनचं राजूरला खता-बियाण्याचं दुकान होतं, तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. हॉटेल बघायची दीपा. खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा कमरेला, मोबाईल कानाला, आणि जिभेवर साखर. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे तिच्याकडून शिकावं. सासऱ्यांशी कसं बोलावं हे मात्र तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलेलं नव्हतं.

पोथी मालनबाईंची रोजची. पहाटे अंघोळ झाली की लाल कापड सोडायचं, एक अध्याय वाचायचा, कापड बांधायचं आणि मग चहा. त्या गेल्यावर नानांनी त्याच पोथीच्या नव्या प्रती आणल्या, पहिल्या पानावर ‘कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ’ असं छापून घेतलं, प्रत्येक पोथीला लाल कापड शिवून घेतलं आणि श्रावणात स्वतःच्या हातानं खोलीखोलीत ठेवली. ठेवताना ते रडले. दीपा मागे उभी होती. आता या माणसाला काय सांगायचं, की नाना, याच ड्रॉवरमध्ये लोक सिगारेटची पाकिटं टाकतात, पलंगावर बसून कोंबडी खातात आणि खाली बाटल्या लोळत असतात.

तिनं ते नितीनला सांगितलं.

“मोठ्या हॉटेलांत ठेवतातच की पुस्तकं,” नितीन म्हणाला. “ज्याला वाचायची तो वाचेल. नाही तो ड्रॉवर उघडणार नाही.”

“आणि ज्याचा धर्म वेगळा, त्याला काय वाटेल?”

“तो तर मुळीच उघडणार नाही.”

“काउंटरवर फळी करू. मागेल त्याला देऊ. खोलीत कशाला?”

“मग तू सांग नानांना.”

दीपानं सांगितलं नाही. नितीननंही नाही. दोघांनी मूग गिळले आणि पोथ्या ड्रॉवरमध्ये राहिल्या.

पाहुण्यांचं म्हणाल तर बहुतेकांना पत्ताही लागला नाही. नाशिकच्या एका आजींनी धरणाकडे ढुंकूनही न बघता अख्खी पोथी वाचून काढली आणि जाताना खोलीत नारळ ठेवून गेल्या. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्यानं ती कपाटावर, उंच, पाठमोरी करून ठेवली. संगमनेरच्या एका मुसलमान डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी काउंटरवर आणून दिली. “तुमची जपायची वस्तू आहे, पोरं लहान आहेत माझी, खराब व्हायला नको,” एवढंच म्हणाले. दीपाला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं. पण खरा पेच पाहुण्यांनी घातला नाही. तो साफसफाईच्या बायकांनी घातला.

बायडाबाई आणि रेश्मा या दोघी आसपासच्या वाड्यांतल्या, कामाला चोख. एक दिवस रेश्मा खोलीच्या दारातच अडून बसली. “वहिनी, आज मला अडचन हाय. आत पोथी हाय.” महिन्याच्या त्या दिवसांत पोथीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढच्या आठवड्यात बायडाबाईचं तेच. पाहुणे बॅगा घेऊन व्हरांड्यात ताटकळलेले आणि खोली झाडायला कुणी नाही. सबंध हॉटेलात बिनपोथीची जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि पार्किंगजवळचे संडास.

दीपाला मग एक युक्ती सुचली. तिसरी बाई होती भामाबाई. पन्नाशी ओलांडलेली, काटक, राजूरच्या रस्त्याला बौद्धवाडीत राहणारी. तिचा मुलगा महेंद्र पर्यटकांना जीपमधून फिरवायचा. दीपा सकाळी चाव्या वाटताना सगळ्यांसमोर म्हणाली, “ज्या दिवशी तुमची अडचण असेल त्या दिवशी त्या खोल्या भामाबाई करतील. त्यांना काय, त्यांच्यात काही पाळत नाहीत.”

हे तिनं हसत म्हटलं. बायडाबाईही हसली. भामाबाईनं चावी घेतली आणि तीही हसली.

“मला चालतंय, वहिनी. पर गंमत बघा. तुमच्या देवघराच्या उंबऱ्याआत मला कदी कुनी बोलावलं न्हाई, आनि तुमची पोथी मीच रोज पुसायची.”

दीपा मोबाईल बघू लागली. पुढे हळूहळू सवय झाली, आणि अडचण असो नसो, एक ते पाच नंबर भामाबाईकडेच राहिले. ती पोथी उचलायची, खालची धूळ पुसायची, कापडाची गाठ सारखी करायची आणि परत ठेवायची. एकदा जाता जाता तिनं विचारलं होतं, “वहिनी, माझ्याकडं आमच्या वंदनेचं पुस्तक हाय, एवढंसंच हाय. एका खोलीत ते ठिवलं तर चालंल का? आमचे बी पाव्हने येत्यात की.” दीपाला वाटलं ती चेष्टा करते आहे. ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, “तुम्ही पण ना, भामाबाई.” विषय तिथंच संपला.

मालनबाईंचं वर्षश्राद्ध मार्गशीर्षात आलं, आणि ते आलं नेमकं नाताळच्या सुट्टीत. हॉटेल तुडुंब. इकडे बंगल्यावर गुरुजी, भावकी, नातेवाईक. नानांनी सांगून ठेवलं होतं, “मालनचं पान दीपाच्याच हातचं. आचाऱ्याच्या हातचं न्हाई.” मालनबाईंनीच दीपाला शिकवलेली खीर, वडे, आमसुलाची चटणी. पहाटे उठून दीपा न्हाणीत गेली आणि तिच्या लक्षात आलं की आजच. आजच यायचं होतं.

ती बराच वेळ तिथं पाण्याच्या बादलीशी उभी राहिली. सांगितलं तर स्वयंपाक कोण करणार? जाऊ नव्हती, नणंद नव्हती. नाना उपाशी, गुरुजी दारात. आणि सासऱ्याला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? आपण बीएस्सी झालेल्या, आपण कुठं हे मानतो, असं तिनं मनाशी म्हटलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वयंपाकाला लागली. मोठाली पातेली घासायला मागच्या मोरीवर भामाबाईला बोलावून घेतलं होतं. ती सकाळपासून तिथं होती.

दुपारी पान वाढलं. नानांनी ते स्वतः गच्चीवर नेलं आणि हात जोडले, तोच कठड्यावर बसलेल्या कावळ्यानं घास उचलला. वाट बघावीच लागली नाही. नाना खाली आले ते डोळे पुसतच. “पोचलं गं मालनला,” ते म्हणाले. “तुझ्या हातचं म्हनून पोचलं.” आणि सगळ्या भावकीसमोर त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. दीपाला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळायला निमित्त मिळालं. हॉटेलातून फोन आला, पाच नंबरचे पाहुणे गेले आणि नवे येऊन थांबले आहेत. बायडाबाई, रेश्मा दुसऱ्या खोल्यांत अडकलेल्या. दीपा तशीच गेली, चावी कमरेलाच होती. दार उघडलं तर कुणीतरी पोथी काढून पलंगावर ठेवलेली, लाल कापडात, चादरीच्या मधोमध.

आता बघा माणसाची गंमत. सकाळपासून तिनं त्याच हातांनी खीर ढवळली होती, वडे थापले होते, सासूचं पान वाढलं होतं. पण पोथीला हात लावायला ते हात धजेनात. एका दिवसाला एक पाप पुरे, असं काहीसं तिला वाटलं. तिनं चादरीचं टोक पोथीवरून घेतलं, पोथी चादरीतच धरली, म्हणजे हात लागायला नको, आणि तशीच ती टेबलावर ठेवायला वळली. तेवढ्यात फोन वाजला. नाना होते. गुरुजी निघालेत, दक्षिणेचं ताट कुठं आहे? आले, आले म्हणत तिनं दुसऱ्या हातानं चादर गोळा केली, उशांचे अभ्रे तिच्यात कोंबले, बोळा बगलेत मारला, नवी चादर अंथरली आणि जाता जाता तो बोळा धुण्याच्या ढिगावर टाकून बंगल्याकडे धावली.

पोथीचं तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. तेव्हा धुण्याच्या खोलीतून रेश्माची हाक आली होती.

मशिनमधून सगळ्या पांढऱ्या चादरी गुलाबी होऊन निघाल्या. लाल कापडाचा रंग फुटला होता आणि चादरींवर कागदाचा लगदा चिकटला होता. पुठ्ठ्याचा एक तुकडा तेवढा शाबूत राहिला होता, त्यावर मालनबाईंच्या नावातली अक्षरं कशीबशी वाचता येत होती.

नानांनी तो लगदा ताटात गोळा करायला लावला. ताट हातात घेऊन ते हॉटेलच्या अंगणात उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढे खोटं बोलायला जोर लागत नाही, पण नाना हळू आवाजात बोलत होते.

“पाच नंबर कुनाकडं असतो?”

सगळ्यांनी भामाबाईकडे पाहिलं.

“माझ्याकडं असतो, नाना,” भामाबाई म्हणाली. “पर काल मी हितं नव्हतेच. तुमच्या मागच्या मोरीवर हुते, सकाळधरनं दिवेलागनीपातुर. वहिनींना इचारा.”

नाना दीपाकडे वळले. “व्हय का गं?”

दीपाला एका क्षणात सगळं दिसलं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग खोली कुणी केली? मी केली. मग पोथी चादरीत कशी गेली? हात का नाही लावलास? आणि मग नाना ताट हातात घेऊन तसेच उभे राहून विचारणार, दीपा, मग कालचं पान? गच्चीवरचा तो कावळा, डोक्यावर ठेवलेला तो हात, सगळंच मातीत जाणार.

“सकाळी होत्या,” ती म्हणाली. “दुपारचं मला नक्की आठवत नाही.”

आठवत नाही. फार सोयीचे शब्द. कुणी उद्या पकडलं तरी खोटं बोललीस असं म्हणता यायचं नाही. भामाबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नीट पाहिलं, जसं आपण एखाद्या दुकानात नेहमी जातो आणि एक दिवस दुकानदार ओळख देत नाही, तेव्हा पाहतो तसं. मग ती नानांकडे वळून म्हणाली, “म्या न्हाई केलं.”

आचारी बिभीषण स्वयंपाकघराच्या दारातून पुटपुटला, “त्यांना काय पोथीचं.” पुटपुटला खरा, पण ऐकू सगळ्यांना गेलं. दीपालाही गेलं. तिनं मान खाली घातली.

“मी कुनाच्या पोटावर पाय देनारा मानूस न्हाई,” नाना म्हणाले. “भामाबाई, काम करा. पर आता पोथीच्या खोलीत जाऊ नका.”

पोथी सगळ्याच खोल्यांत होती. भामाबाईला मग अंगण राहिलं आणि पार्किंगजवळचे संडास. काही पाळत नाहीत म्हणून जिला पोथीपाशी नेलं होतं, तिला त्याच कारणानं पोथीपासून लांब केलं. ती तो दिवस अंगण झाडून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

दीपानं स्वतःची समजूत घालायला काही कमी केलं नाही. नानांचं दुःख ताजं आहे, जरा निवळलं की सांगू. भामाबाईला कामावरून काढलं थोडंच आहे, तीच आली नाही. सुट्टीची गर्दी ओसरली की बघू. पण गुलाबी झालेल्या चादरी टाकून द्यायला नानांनी मनाई केली होती, त्या हॉटेलातल्या पोऱ्यांच्या खोलीसाठी वापरायच्या म्हणून रोज धुऊन मागच्या दोरीवर वाळत पडायच्या, आणि काउंटरच्या खिडकीतून दीपाला रोज दिसायच्या. नाना पंगतीत कौतुक सांगायचे, “दीपाच्या हातचं पान कावळ्यानं कसं लगोलग घेतलं,” आणि तिला आपल्याच हातांची लाज वाटायची. आपण खोटं बोललो एवढंच नाही, तर ते कुणावर ढकललं हेही तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणावर ढकललं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. भामाबाईवर ढकललं तेव्हा कुणी काहीच विचारलं नाही.

संक्रांतीनंतर ती स्कूटी घेऊन भामाबाईकडे गेली. भामाबाई ओट्यावर बसून हुलगे पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, चहा टाकला. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर पांढऱ्याशुभ्र कापडात बांधलेलं एवढंसं पुस्तक. दीपानं ते ओळखलं. याच पुस्तकाला ती हसली होती.

“कामावर या, भामाबाई,” ती म्हणाली. “तुमच्यावाचून अडतंय.”

“मला कामाचं न्हाई एवढं,” भामाबाई म्हणाली. “पोराची जीप हाय, दोन घास मिळत्यात. पर राजूरच्या बाजारात बाया मला दावत्यात एकमेकींला. हिनं पोथी धुतली म्हनत्यात. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर पोरं पाया पडत्यात, वहिनी. आमी पुस्तकानं मानसात आलेली मानसं. मी पुस्तक पान्यात घालीन का?”

दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. “भामाबाई, ते त्या दिवशी मीच...”

भामाबाईनं हात वर केला. “माझ्यापाशी नका बोलू. मला म्हाईत हाय आनि तुमाला म्हाईत हाय. आपन दोघींनी एकमेकींला सांगून काय हुनार? जिथं आठवलं न्हाई, तिथं आठवा.”

मग तिनं चहा दिला. दीपानं तो खाली मान घालून प्यायला.

संध्याकाळी नाना बंगल्याच्या ओसरीवर एकटे बसले होते. दीपा समोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली, कारण थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. चादर, फोन, मोरीवरची भामाबाई, सगळं.

“हात का न्हाई लावलास?” नानांनी विचारलं.

“अडचण होती.”

समोर धरणाच्या पाण्यावर अंधार उतरत होता.

“मंग सैपाक?”

“मीच केला, नाना.”

“कावळ्यानं तर लगेच घास उचलला,” नाना म्हणाले. ते तिला सांगत नव्हते, स्वतःलाच विचारत होते. तिला ते ऐकवेना. एका म्हाताऱ्या माणसाला वर्षभरात मिळालेलं एवढं एकच समाधान, ते आपण काढून घेतलं, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, “बरं झालं बोललीस. आता हे घरात ऱ्हाऊ दे.”

“आणि भामाबाई?”

“बोलवून घे. खोल्या परत दे तिला. मी काय म्हननार न्हाई. पर चार लोकांत बोलायची ही गोष्ट हाय का, दीपा? घरच्या सुनेची अडचन?”

दीपा हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला हलकं हलकं वाटलं. सासऱ्यांनी क्षमा केली होती, घर सावरलं होतं, आणखी काय हवं? त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी जाग आली आणि त्या झोपेचीच तिला शरम वाटली. आपल्याला माफी मिळाली ती आपल्या घरात. भामाबाईवर आळ आला होता तो अंगणात.

चाव्या वाटायच्या वेळी बायडाबाई, रेश्मा, बिभीषण, माळी, सगळे अंगणात जमले. दीपानं चाव्या वाटल्या नाहीत.

“पाच नंबरची पोथी मी धुण्यात टाकली,” ती म्हणाली. “भामाबाईंनी नाही. मला त्या दिवशी अडचण होती, हात लावायला नको म्हणून मी ती चादरीत धरून उचलली आणि विसरले. भामाबाई दिवसभर आमच्या मोरीवर भांडी घासत होत्या. नानांनी विचारलं तेव्हाही मला ते आठवत होतं. मी खोटं बोलले.”

कुणी चकित होईल, कुणी तोंडाला पदर लावेल, असं तिला वाटलं होतं. कुणी हललंही नाही. बिभीषणनं नजर फिरवली. बायडाबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, “आमाला म्हाईत हुतं, वहिनी.”

“काय माहीत होतं?”

“तुमीच पाच नंबर केला त्ये. बोळा घिऊन जाताना आमी दोघींनी बी पाह्यलं की.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमीच बोलला न्हाईत,” बायडाबाई म्हणाली. “मंग आमी कसं बोलनार?”

त्या दिवशी आपण एकटीच गप्प बसलो असं ती इतके दिवस धरून चालली होती. भामाबाई याच अंगणात उभी होती, भोवती ज्यांना खरं ठाऊक होतं अशीच माणसं होती, आणि सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं होतं. भामाबाईला हेही तेव्हाच कळलं असणार.

नाना बंगल्याच्या पायरीवर केव्हा येऊन उभे राहिले होते ते कुणाला कळलं नव्हतं. ते खाली आले, एक नंबरचं दार वाजवलं, आतल्या पाहुण्यांना “जरा तसदी देतो” म्हणाले आणि पोथी घेऊन बाहेर आले. असं करत त्यांनी सगळ्या खोल्यांतल्या पोथ्या गोळा केल्या आणि काउंटरमागच्या फळीवर रचल्या. “जो मागंल त्याला द्या,” एवढं दीपाला सांगून ते परत घरात गेले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तिच्या हातचं त्या दिवशी ते जेवले, पण कौतुक केलं नाही, आणि पुढेही कधी कावळ्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

दुपारी महेंद्र जीप घेऊन आला. पाहुणे सांदण दरीला न्यायचे होते. तो काउंटरपाशी आला आणि त्यानं एक गाठोडं पुढे केलं. पांढऱ्या कापडात हॉटेलनं कामावर नेसायला दिलेल्या भामाबाईच्या निळ्या साड्या होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या.

“मी आज सांगितलं, महेंद्र,” दीपा घाईघाईनं म्हणाली. “सगळ्यांसमोर सांगितलं. आईला सांग.”

“कळलं तिला. रेश्मानं फोन केल्ता.”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हनली, बरं झालं, आठवलं त्यांना. साड्या दिऊन ये.” महेंद्रनं गाठोडं आणखी पुढे केलं. “राजूरला पोरींच्या वसतिगृहात सैपाकाला लागली ती.”

दीपानं गाठोडं घेतलं. काहीतरी द्यावं, काहीतरी भरून काढावं असं तिला कळवळून वाटलं. मागची फळी तिच्या नजरेला पडली. “हे बघ, पोथ्या आता इथं ठेवल्यात,” ती म्हणाली. “तुमचं वंदनेचं पुस्तकही ठेवू. आईला सांग, मी मागितलंय म्हणून. अगदी वरच्या बाजूला ठेवू.”

महेंद्रनं फळीकडे पाहिलं. मग जीपची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तिनं इचारलं हुतं तवा तुमी हसला हुता, वहिनी,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाहुणे बॅगा घेऊन आले होते, त्यांच्या बॅगा टपावर चढवायला तो निघून गेला.

दीपा गाठोडं दोन्ही हातांत धरून काउंटरपाशी उभी राहिली. जीप सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली आणि राजूरच्या रस्त्याला लागली. ते गाठोडं खाली ठेवायला तिचा हात होईना.